संजय गांधी योजनेचे पैसे चालू असताना मुक्त विद्यापीठातून शिकायचं असेल तर

शिकायला नाव घातलं की निराधारचा पगार बंद होतो, अशी समजूत गावोगाव पक्की बसलेली आहे. ती चुकीची आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग व्यक्तीची पात्रता ठरते ती वयावर (१८ ते ६५), किमान ४० टक्के दिव्यांगत्वावर, महाराष्ट्रातल्या किमान १५ वर्षांच्या वास्तव्यावर आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नावर. दिव्यांगांसाठी ही उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये आहे. इतर गटांना २१ हजार. शिक्षण ही अट यात कुठेच नाही. दहावी नापास माणूस जितका पात्र, तितकाच एम.ए. झालेलाही पात्र, उत्पन्न मर्यादेत असेल तर.

मग कॉलेजात नाव घातल्यावर पैसे थांबले, असं लोक सांगतात ते खोटं का? खोटं नाही. पैसे खरंच थांबतात, पण प्रवेशामुळे नाही. प्रवेशाच्या धामधुमीत माणूस नवं बँक खातं उघडतो, उत्पन्नाचा नवा दाखला काढतो, आधारवरचं नाव दुरुस्त करून घेतो, कधी दुसऱ्या तालुक्यात राहायला जातो. यातलं काहीतरी तहसीलच्या जुन्या कागदाशी जुळेनासं होतं आणि अनुदान अडकतं. त्यामुळे या लेखात अभ्यासाइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, कागदांबद्दल आहे.

घरी राहून शिकण्याचा इथे एक मोठा फायदा आहे आणि त्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही: पत्ता बदलत नाही. तुमची फाइल तुमच्या तालुक्याच्या तहसील कचेरीत, संगायो (संजय गांधी योजना) शाखेत असते. पडताळणीला तलाठी गावात येतो, त्या वेळी तुम्ही पुण्याला वसतिगृहात असाल तर 'गावी राहत नाही' असा शेरा पडू शकतो. मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला तो धोका नाही.

पैसे किती आणि कोणत्या नावाखाली

दिव्यांगांचं मासिक साहाय्य जुलै २०२३ पासून १,५०० रुपये होतं, ते ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० झालं. ज्यांचं दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त आहे आणि नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत आहे, त्यांना केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेतून महिना ३०० रुपये येतात आणि उरलेली रक्कम राज्य भरतं. खात्यात दोन तुकड्यांत पैसे आले म्हणून घाबरायचं कारण नाही.

वाढीव रक्कम 'दिव्यांग' म्हणून नोंद असलेल्यांना आहे. एखाद्या दिव्यांग बाईचं नाव पूर्वी 'विधवा' या गटात मंजूर झालं असेल, तर नोंद बदलून घेतल्याशिवाय वाढ मिळणार नाही. यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या केंद्रीय ओळखपत्राची) प्रत जोडून तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. पोच म्हणजे दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. नुसतं 'ठेवून जा' म्हटलं तर ठेवून येऊ नका.

विद्यार्थिनींसाठी आणखी एक गोष्ट. लाडकी बहीण योजनेच्या अटींनुसार सरकारच्या दुसऱ्या योजनेतून महिना १,५०० किंवा त्याहून जास्त मिळत असेल तर त्या योजनेचा लाभ घेता येत नाही. फीसाठी हातभार म्हणून दोन्हीकडे अर्ज करून ठेवला तर पुढे पडताळणीत एक बंद होतं आणि वसुलीची नोटीस येऊ शकते.

खातं: सगळ्यात जास्त घोळ इथे होतो

अनुदान आता डीबीटीने (थेट लाभ हस्तांतराने) येतं, म्हणजे खाते क्रमांकावर नाही तर आधार क्रमांकावर. हा फरक नीट समजून घ्या, कारण पासबुक दाखवून तो कळत नाही.

एका आधार क्रमांकासाठी राष्ट्रीय पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यादीत एका वेळी एकाच बँकेची नोंद असते. सरकारने तुमच्या आधारवर पैसे सोडले की ते त्या नोंदलेल्या बँकेत जातात. तुमची चार खाती असली आणि चारही ठिकाणी आधारची झेरॉक्स दिलेली असली तरी पैसे एकाच बँकेत येणार, आणि ती म्हणजे ज्या बँकेने शेवटी नोंद केली ती. 'आधार लिंक आहे' आणि 'आधार सीडिंग आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिंक म्हणजे बँकेला तुमचा आधार माहीत आहे. सीडिंग म्हणजे सरकारी पैसा कुठे पाठवायचा हे त्या यादीत लिहिलं आहे.

आता प्रवेशाच्या वेळी काय होतं बघा. शिष्यवृत्तीसाठी खातं हवं म्हणून विद्यार्थी मोबाइलवर शून्य शिल्लक खातं उघडतो. अर्जात कुठेतरी 'सरकारी अनुदान या खात्यात घेण्यास माझी संमती आहे' अशी चौकट असते. ती आधीच भरलेली असते किंवा घाईत भरली जाते. पुढच्या महिन्यात गावच्या बँकेत अनुदान येत नाही. घरचे तहसीलला जातात, तिथला कारकून संगणकावर बघून 'पैसे गेलेत' म्हणतो, बँक 'आलेच नाहीत' म्हणते, आणि दोघंही खरं बोलत असतात. पैसे त्या नव्या खात्यात पडलेले असतात. त्याचं कार्ड अजून पोस्टातून यायचं असतं.

उपाय सोपा आहे. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. नाहीतर आधारला जोडलेल्या मोबाइलवरून *९९*९९*१# डायल करा, आधार क्रमांक टाका, कोणत्या बँकेत सीडिंग आहे ते कळतं. खातं उघडण्याआधी एकदा आणि उघडल्यावर आठवड्याने एकदा, असं दोनदा बघा. सगळ्यात उत्तम म्हणजे नवं खातं उघडूच नये. अनुदानाचंच खातं विद्यापीठाला आणि शिष्यवृत्तीला द्यावं. ते खातं जनधनचं किंवा छोटं असेल तर जमेला वार्षिक मर्यादा असते का, एवढं शाखेत विचारून घ्या.

दोन दाखले, दोन आकडे

अनुदानासाठी ५० हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो. केंद्राच्या दिव्यांग मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. अडीच लाखांची मर्यादा आहे म्हणून बरेच पालक शिष्यवृत्तीसाठी वेगळा, 'खरा' दाखला काढतात, समजा १ लाख ८० हजारांचा. दोन्ही दाखले त्याच तहसीलमधून, त्याच आधारवर निघालेले. आता ते एकाच संगणकप्रणालीत आहेत. पडताळणीत समोरासमोर आले की मोठा आकडा धरला जातो आणि अनुदान बंद होतं.

एका आर्थिक वर्षात एकच दाखला काढा आणि तोच सगळीकडे लावा. ५० हजारांच्या आतला दाखला शिष्यवृत्तीला चालतोच. आणि कुटुंबाचं उत्पन्न प्रत्यक्षात मर्यादेच्या वर गेलं असेल, तर ते लपवून दोन आकडे चालवण्यात शहाणपण नाही. खोट्या दाखल्यावर घेतलेली रक्कम परत मागितली जाते.

याशिवाय दरवर्षीची पडताळणी असते: हयातीचा दाखला, आणि तहसीलने मागितल्यास उत्पन्नाचा ताजा दाखला. तिची मुदत आणि परीक्षा एकाच सुमाराला आल्या तर आधी तहसीलचं काम उरका. हुकलेला पेपर पुढच्या सत्रात देता येतो.

नाव एकच हवं

मुक्त आणि दूरस्थ शिक्षणाच्या प्रवेशासाठी २०२४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, म्हणजे डीईबी आयडी, सक्तीचा झाला आहे. तो काढायला आधी एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या खात्याचा क्रमांक) लागतो, एबीसी आयडी डिजिलॉकरमधून निघतो आणि डिजिलॉकर आधारवर चालतं. म्हणजे विद्यापीठाच्या खिडकीशी पोचायच्या आधीच तुमचं आधारवरचं नाव आणि जन्मतारीख पक्की होऊन बसते.

महाराष्ट्रात नावाचा गुंता ठरलेला आहे. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं. आधारवर स्वतःचं नाव आधी. यूडीआयडी कार्डावर कधी वडिलांचं नाव गाळलेलं. लग्न झालेल्या बाईच्या आधारवर सासरचं आडनाव आणि गुणपत्रिकेवर माहेरचं. नावाचा क्रम पुढेमागे असला तर सहसा निभावतं. आडनावच वेगळं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र लागतं.

इथे कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी ठरवा की कायमचं नाव कोणतं. मग आधार, मग यूडीआयडी, मग बँक, मग तहसीलच्या संगायो शाखेत बदलाचा अर्ज, आणि सगळ्यात शेवटी डीईबी आयडी व प्रवेश. लोक उलट करतात: प्रवेशाची मुदत उद्या संपते म्हणून आज आधारवरचं नाव बदलतात. मग अनुदानाच्या यादीतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, पडताळणीत नोंद नापास होते आणि हप्ता लटकतो.

यूडीआयडीबद्दल दोन गोष्टी. १ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र फक्त यूडीआयडी पोर्टलवरूनच मिळतं. जिल्हा रुग्णालयाचं जुनं कागदी, हाताने लिहिलेलं प्रमाणपत्र असेल तर ते ऑनलाइन करून घ्या. कार्डाचा पट्टा पिवळा म्हणजे ४० ते ७९ टक्के, निळा म्हणजे ८० किंवा जास्त, पांढरा म्हणजे ४० च्या खाली. पांढऱ्यावर अनुदान नाही. दुसरं, कार्डावरची वैधतेची तारीख वाचा. काही प्रकारांत प्रमाणपत्र तात्पुरतं असतं. तीन वर्षांची पदवी घ्यायला निघालात आणि प्रमाणपत्र दुसऱ्या वर्षी संपत असेल, तर अनुदान आणि परीक्षेतल्या सवलती दोन्ही एकदम अडतात. फेरतपासणीचा अर्ज तारीख संपायच्या सहा महिने आधी टाका; जिल्हा रुग्णालयातल्या मंडळाच्या तारखा लांबतात.

कुठे शिकायचं

मराठी माध्यम हवं असेल तर पहिलं नाव नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं. १९८९ मध्ये सुरू झालेलं हे विद्यापीठ तालुक्या-तालुक्यातल्या अभ्यासकेंद्रांमार्फत चालतं आणि त्याची पुस्तकं मराठीत आहेत. हिंदी किंवा इंग्रजी चालत असेल तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू. त्याची विभागीय केंद्रं मुंबई, पुणे आणि नागपूरला आहेत आणि अभ्याससाहित्य ई-ज्ञानकोश या भांडारात फुकट वाचता येतं. प्रवेश घ्यायच्या आधी दोन पुस्तकं चाळून बघा. पैसे भरून मग विषय झेपत नाही हे कळण्यापेक्षा ते बरं. मुंबई विद्यापीठ, पुणे विद्यापीठ, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आणि एसएनडीटी महिला विद्यापीठ यांचेही दूरस्थ विभाग आहेत.

कोणत्याही विद्यापीठाचा तो विशिष्ट शिक्षणक्रम त्या सत्रासाठी आयोगाच्या डीईबी यादीत आहे का, ते बघायचंच. विद्यापीठ मान्य असून शिक्षणक्रम मान्य नसू शकतो. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फिजिओथेरपी असे शिक्षणक्रम दूरस्थ पद्धतीने चालत नाहीत, आणि २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र, पोषणशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र हे विषयही या पद्धतीने शिकवायला आयोगाने बंदी घातली. समुपदेशक व्हायचं म्हणून मानसशास्त्र घेऊ पाहणाऱ्यांना हे कळायला हवं. मान्य यादीतली दूरस्थ पदवी मात्र नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये तसं पुन्हा स्पष्ट केलं आहे.

'घरी बसा, पास आम्ही करतो' म्हणणारी केंद्रं चौकाचौकात आहेत. परराज्यातल्या विद्यापीठाचं केंद्र तुमच्या तालुक्यात दिसलं तर तिथूनच परत फिरा: राज्य मुक्त विद्यापीठाला स्वतःच्या राज्याबाहेर चालवता येत नाही. देशभर परवानगी इग्नूला आहे.

दहावी-बारावीच राहिली असेल तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयात नाव घालता येतं. मुक्त विद्यालयाची नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात नऊ वेळा परीक्षेला बसता येतं. आजारपण मध्येमध्ये डोकं वर काढत असेल तर १७ नंबरपेक्षा हे सोयीचं.

फीचे पैसे

'दिव्यांगांना फी माफ' असं ऐकून जाणाऱ्यांची खिडकीवर निराशा होते. इग्नूच्या माहितीपुस्तिकेतला नियम असा की दिव्यांग विद्यार्थ्यानेही प्रवेशाच्या वेळी पूर्ण फी भरायची आणि परतावा समाजकल्याण खात्याकडून मागायचा. म्हणून फीची तजवीज आधी हवी. पावती सांभाळा, ऑनलाइन पावतीची छापील प्रत काढा आणि बँकेची नोंद जुळवून ठेवा.

शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर संस्था आणि शिक्षणक्रम यादीतूनच निवडावे लागतात. अभ्यासकेंद्राचं, म्हणजे तुमच्या गावच्या कॉलेजचं नाव निवडून नियमित बी.ए. म्हणून अर्ज भरला तर तो छाननीत बाद होतो. वर चुकीची माहिती दिल्याचा ठपका. विद्यापीठाचं नाव शोधा, आणि योजनेच्या अटींत 'नियमित, पूर्णवेळ' हे शब्द असतील तर त्या अर्जावर वेळ घालवू नका.

कमी माहीत असलेला मार्ग म्हणजे ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिका. स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करणं त्यांना बंधनकारक आहे. लहान ग्रामपंचायतीत ही रक्कम वर्षाला काही हजारच असते आणि बहुतेक वेळा मार्चमध्ये सगळ्यांना समान वाटून टाकली जाते. ग्रामसेवकाकडे लेखी अर्ज करून 'शैक्षणिक फी' किंवा 'ऐकण्याचं-वाचण्याचं साधन' असा हेतू लिहा, पावती किंवा दरपत्रक जोडा आणि अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच द्या. वाटप झाल्यावर गेलात तर पुढच्या वर्षाची वाट.

शिष्यवृत्ती किंवा फीचा परतावा मिळाला म्हणून अनुदान बंद होत नाही. ती कमाई नाही आणि दुसरं निवृत्तिवेतनही नाही.

किती अभ्यास झेपेल

इग्नूच्या हिशेबात एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे ३० तासांचा अभ्यास. नव्या पदवी रचनेत वर्षाला ४० श्रेयांक, म्हणजे १,२०० तास, म्हणजे आठवड्याला साधारण २३ तास. डायलिसिस, फिजिओथेरपी, झटके, थकवा यांतून आठवड्याला १२ तास हाती लागत असतील तर हे वर्ष दोन वर्षांत करायचं, असं पहिल्या दिवशीच ठरवा. तीन वर्षांच्या पदवीला इग्नू सहा वर्षं देतं. त्यात कमीपणा काही नाही, आणि अनुदानही त्यामुळे कमी-जास्त होत नाही.

फक्त हा वेळ कसा वापरायचा ते कळायला हवं. सगळे पेपर एकदम द्यायची सक्ती नाही. झेपतील तेवढ्यांचाच परीक्षा अर्ज भरा. पण असाइनमेंट त्या सत्राच्या प्रश्नांवरच लिहाव्या लागतात. गेल्या वर्षी लिहून ठेवलेली असाइनमेंट या वर्षी चालत नाही, प्रश्न बदललेले असतात. निकालात सर्वाधिक 'अपूर्ण' शेरे असाइनमेंटमुळेच दिसतात, कारण लोक पेपरची भीती बाळगतात आणि असाइनमेंटकडे दुर्लक्ष करतात. तिला साधारण ३० टक्के वजन असतं. ती घरी बसून, आपल्या वेळेने, टंकलेखन करणारा मदतनीस घेऊन करण्याजोगी गोष्ट आहे.

दृष्टिबाधितांना सगळ्यात मोठी अडचण पीडीएफची. मराठी पुस्तकांच्या बऱ्याच फाइल्स श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये बनवलेल्या असतात. डोळ्यांना त्या व्यवस्थित दिसतात, पण एनव्हीडीए किंवा टॉकबॅक (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या वाचक-प्रणाली) वाचायला लागलं की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी ऐकू येते. पडताळायला एक ओळ निवडा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी दिसलं तर फाइल युनिकोडमध्ये आहे, वाचक-प्रणाली ती वाचेल. खिचडी दिसली तर अक्षरओळख (ओसीआर) करून घ्यावी लागेल: पीडीएफचे छोटे तुकडे करा (दोन एमबीच्या आत), गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्सने उघडा. खाली मजकूर येतो. जोडाक्षरं, तक्ते आणि तळटीपा बिघडतात. तक्ते कुणाकडून तरी वाचून घ्यावेच लागतात. वाचनास अडथळा असणाऱ्यांसाठी अशी प्रत बनवणं कायदेशीर आहे, कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून तशी मुभा आहे. प्रत बनवायच्या आधी, सुगम्य पुस्तकालय या २०१६ पासून चालू असलेल्या ऑनलाइन ग्रंथालयात ते पुस्तक तयार आहे का, ते शोधा.

परीक्षा आणि लेखनिक

केंद्राच्या दिव्यांग सक्षमीकरण विभागाने २९ ऑगस्ट २०१८ रोजी लेखी परीक्षांच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, विद्यापीठांचे नियम त्यावर बेतलेले आहेत. अंध, दोन्ही हात बाधित आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्यांनी मागितला की लेखनिक मिळतो. इतरांना जिल्हा शल्यचिकित्सकांचं ठरावीक नमुन्यातलं 'स्वतः लिहू शकत नाही' हे प्रमाणपत्र लागतं. यूडीआयडी कार्ड त्याची जागा घेत नाही, आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ते मिळत नाही. लेखनिक घेणाऱ्याला तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. लेखनिक न घेताही ४० टक्क्यांवरच्या परीक्षार्थीला जादा वेळ मागता येतो. ज्यांचं दिव्यांगत्व ४० च्या खाली आहे पण लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२१ च्या निकालानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये वेगळ्या सूचना आल्या.

स्वतःचा लेखनिक आणणार असाल तर २०१८ च्या सूचनांप्रमाणे तो तुमच्यापेक्षा एक पायरी खालच्या शिक्षणाचा हवा. विद्यापीठाचा नेमका नियम माहितीपुस्तिकेत बघून घ्या. अडचण वेगळीच येते: मे-जून आणि डिसेंबरमध्ये बारावी-कॉलेजवाल्या पोरांची स्वतःची गडबड असते. दोन नावं तयार ठेवा, दोघांचेही फोटो आणि ओळखपत्राच्या प्रती परीक्षा केंद्रावर आधीच देऊन पोच घ्या. निदान दोनदा बसून सराव करा. मराठीत सांगून लिहवताना परिच्छेद कुठे, अधोरेखित काय, संज्ञा ऱ्हस्व की दीर्घ, हे सगळं बोलावं लागतं; सराव नसेल तर जादा मिळालेला तास त्यातच जातो.

अर्ज परीक्षा फॉर्मबरोबर करायचा, हॉल तिकीट आल्यावर नाही. केंद्र निवडताना जवळचं निवडण्यापेक्षा तळमजल्यावर वर्ग देणारं निवडा आणि आठवडाभर आधी फोन करून विचारा. एसटीच्या भाड्यात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, त्यामुळे थोडं लांबचं केंद्रही परवडतं.

कमाई सुरू झाली की

अनुदान खऱ्या अर्थाने बंद होतं ते इथे. ५० हजार वर्षाला म्हणजे महिना ४,१६६ रुपये, तेही कुटुंबाचे मिळून. शिकता शिकता डेटा एंट्रीचं महिना पाच हजारांचं काम वर्षभर केलं तर एकट्याचेच ६० हजार होतात. एवढी खालची मर्यादा शिकणाऱ्याला कामापासून लांब ठेवते, हे उघड आहे. पण नियम आज असा आहे. नोकरी लागली तर तहसीलला लेखी कळवा आणि अनुदान थांबवून घ्या. न कळवता चालू ठेवलं तर पुढे वसुली लागते, आणि सरकारी नोकरी असेल तर चारित्र्य पडताळणीच्या तोंडावर ते नको असतं.

आईवडील केंद्र सरकारी नोकरीत होते आणि दिव्यांग अपत्य म्हणून कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, त्यांचा हिशेब वेगळा. 'कमावू शकत नाही' ही अट ऐकून पदवी घेतली तर निवृत्तिवेतन जाईल असं त्यांना वाटतं. फेब्रुवारी २०२१ च्या आदेशानुसार मोजलं जातं ते इतर उत्पन्न: ते सामान्य दराच्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा, म्हणजे अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के अधिक महागाई साहाय्य यापेक्षा कमी हवं. पदवीचा त्यात हिशेब नाही. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांनी मात्र राज्याचे निवृत्तिवेतन नियम बघावेत.

अडलं तर

अनुदान थांबलं की पहिला प्रश्न तहसीलला नाही, सीडिंग तपासणीला. ते ठीक असेल तर संगायो शाखेत 'अनुदान कोणत्या तारखेपासून, कोणत्या कारणाने थांबवलं' असा एका ओळीचा लेखी अर्ज. उत्तर न आल्यास माहिती अधिकारात तोच प्रश्न. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. लेखनिक नाकारला, रॅम्प नाही, जादा वेळ दिला नाही, अशी तक्रार राज्यातल्या विद्यापीठाविरुद्ध असेल तर पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे. इग्नू किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयाविरुद्ध असेल तर दिल्लीच्या मुख्य दिव्यांग आयुक्तांकडे. दोन्ही दिव्यांग हक्क कायदा २०१६ खाली. तक्रारीला यूडीआयडी, हॉल तिकीट आणि आधी दिलेल्या अर्जाची पोच जोडा. पोच नसेल तर केंद्र 'आमच्याकडे मागणीच आली नव्हती' एवढंच लिहून मोकळं होतं.